बीबीपासून मोजायचं

काकांनी अजून सायकल घेतलेली नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्यांच्याशी अर्धा तास बोलल्यावर माणसाला खात्री पटते की सायकल खाली पार्किंगमध्ये उभी आहे. दोघं-तिघं खरंच खाली उतरून बघून आलेले आहेत.

माझं झेरॉक्सचं दुकान एमपी नगरात, झोन दोनमध्ये. (‘महाराणा प्रताप नगर’ असं पूर्ण नाव फक्त लिफाफ्यावर राहतं.) भोवती सगळे कोचिंग क्लास. पटवारीपासून पीएससीपर्यंत ज्याला जे व्हायचंय तो पाठीवर बॅग लावून इथेच हिंडत असतो. काका ऑफिस सुटलं की येतात, स्टुलावर बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांची मापं सांगतात. “तो निळ्या शर्टवाला बघ. पाय लांब, धड आखूड. चोपन्नची देतील त्याला, पण पुढे पोचताना खांदे आखडणार.” निळ्या शर्टवाला बिचारा समोसा खायला निघालेला असतो.

हे घराण्यातच आहे. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि आमचे आजोबा सचिवालयाबरोबर नागपूरहून इकडे आले. सोबत फायलींच्या पेट्या होत्या. त्यातली एक काकांच्या अंगातच उतरवून घेतली असावी. काका कुठलीही वस्तू विकत घेत नाहीत, तिचं प्रकरण चालवतात.

या प्रकरणाचं मूळ गोव्यात. २०१९ साली मिरामारला पहिल्यांदा अर्ध्या अंतराची आयर्नमॅन ट्रायथलॉन झाली. माझ्या मावसबहिणीचा नवरा तिथे १.९ किलोमीटर समुद्रात पोहला, ९० किलोमीटर सायकल हाणली, वर २१.१ किलोमीटर धावला, आणि पुढे भोपाळला आला तेव्हा पदक घालूनच जेवायला बसला. सगळे पदक बघत होते. काका त्याच्या मोबाइलमधला सायकलचा फोटो बघत होते.

“किती नंबरची?”

“चोपन्न.”

“चोपन्न काय?”

जावई वरणात भात कालवत राहिला. फाइल त्या क्षणी उघडली.

प्रश्न तसा खोटा नव्हता. आपल्या लहानपणी दुकानदार बावीस इंची की चोवीस इंची एवढंच विचारायचा, तेही घरातल्या उंच माणसाकडे बघून. बाकीच्यांनी दांडीखालून पाय घालून चालवायची. पुढे रेसच्या सायकली आल्या, त्यांचं चोपन्न म्हणजे सीटखालच्या नळीची सेंटिमीटरमधली लांबी. मग वरची नळी उतरती झाली, सीटखालची आखूड झाली, आणि आकडा नुसता नावाला उरला. आता एका कंपनीची चोपन्न दुसरीच्या बावन्नएवढी निघते. सीट काय, वर-खाली करता येते. सायकलीची लांबी मात्र फारशी बदलता येत नाही. म्हणून जाणकार दोनच मापं बघतात, स्टॅक आणि रीच. पायडल ज्या आसाभोवती फिरतात तो जिथे बसतो तिथून हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन जागांमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. ही पद्धत डॅन एम्पफील्ड नावाच्या अमेरिकनाने रूढ केली. काका त्याचं नाव घेताना कानाला हात लावतात.

त्या आसाच्या जागेला मिस्त्री लोक बीबी म्हणतात. आता काका फोनवर मोठ्याने बोलतात, आणि घर दोन खोल्यांचं. “नाही नाही, जमिनीपासून नको, बीबीपासून मोजायचं! बीबी जितकी खाली तितकं बरं!” स्वयंपाकघरात भांडी त्या दिवशी जरा जास्तच वाजली.

पायाच्या आतल्या बाजूची उंची मोजण्याचा विधी माझ्या दुकानात पार पडला. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, पुठ्ठा बांधणीचं पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट वर ओढायचं, आणि त्याच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. पुस्तक पटवारी परीक्षेच्या गाइडचं होतं, आणि ते घ्यायला आलेली मुलगी ते तसंच सोडून गेली. माप आलं एकोणऐंशी सेंटिमीटर. त्याला ०.८८३ ने गुणलं की बीबीपासून सीटची उंची येते. एकोणसत्तर पूर्णांक शहात्तर. हे गणित ग्रेग लेमाँडच्या नावावर चालतं. त्याच लेमाँडने १९८९ची टूर द फ्रान्स शेवटच्या दिवशी हँडलवर कोपर टेकायच्या दांड्या लावून आठ सेकंदांनी जिंकली. “आठ सेकंद!” काका म्हणाले. तेव्हा फाइलीला तिसरं वर्ष लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दुकानाचं शटर वाजलं. फेरमोजणी. दिवसभरात माणसाचा पाठीचा कणा दबतो, पायांना काही होत नाही, हे त्यांनीच मला समजावलं होतं. “मग पुन्हा कशाला?” “एका सहीवर कुठलं काम झालंय?” यावेळी साडेअठ्ठ्याहत्तर आलं. अर्ध्या सेंटिमीटरचा घोळ मिटवायला दोन महिने गेले.

टेप काकूचा. ती घरी ब्लाउज शिवते. तीन वर्षं ती तो परत मागते आहे, आणि गिऱ्हाइकांची मापं नाडीला गाठी मारून घेते आहे. एकदा चेतक ब्रिजवरून आम्ही तिघं ऑटोने येत होतो. काका, ट्रायथलॉनच्या सायकलीची सीट साध्या रेस सायकलीपेक्षा पुढे का असते, ते ऑटोवाल्याला सांगत होते. काकू बाहेर बघत म्हणाली, “महाराणा प्रतापांनी चेतकवर बसायच्या आधी किती वर्षं मोजणी केली होती हो?” ऑटोवाला हसला, म्हणजे त्याला मराठी येत होतं.

शेवटी बत्तीस फ्रेमांचा तक्ता छापून (झेरॉक्स फुकट, घरचं दुकान) काका इंदूरला एका फिटिंगवाल्याकडे गेले. मी हमालीला. त्या मुलाने त्यांना जागेवर ठोकलेल्या सायकलीवर बसवलं, कोपरं पॅडवर टेकवली आणि म्हणाला, चलाइए. काका वाकले. पायडल फिरलं, गुडघा वर आला आणि मध्येच मऊ जागी अडकला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. मुलाने सीट पुढे सरकवली, कंबरेपाशी जरा जागा झाली. १७२.५ मिलिमीटरचे क्रँक काढून १६५चे लावले, गुडघा तेवढा खाली राहिला. तरी पोचतच होता. मुलाने बत्तीस फ्रेमांचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि अदबीने म्हणाला, “सर, फ्रेम तो बावन भी चलेगी, चौवन भी। ये बीच में जो आ रहा है, उसका नाप इसमें कहीं नहीं है।”

येताना बसमध्ये काका आष्ट्यापर्यंत गप्प होते.

घरी आल्यावर त्यांनी फाइल टीपॉयवर ठेवली. काकूने आधी टेप उचलला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत फिरली, त्यांच्याभोवती तो गुंडाळला आणि चष्मा कपाळावर करून आकडा वाचला.

“एकशे चार. लिहा.”

काकांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

“संध्याकाळचं माप धरत नाहीत,” ते म्हणाले. “उद्या सकाळी घेऊ.”