सर्पोत्सुक

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या त्रयीने मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवावे ही कल्पना ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली, १९७० साली त्या कामासाठी सिडको स्थापन झाली, आणि भातखाचरे, मिठागरे व खाजणे यांच्या नकाशावर, तेथे कोण राहावयास येणार याची वार्ताही नसताना, सेक्टर, भूखंड आणि सांडपाण्याच्या वाहिन्या रेखाटल्या गेल्या. अशा नगरीत दोन तपे काढलेल्या माणसाच्या हाडीमाशी ‘आधी व्यवस्था, मग रहिवासी’ हा क्रम असा काही खिळतो की, पाळण्यासाठी घरी साप आणावा असे मनात आले तरी तो त्याच क्रमाने पावले टाकतो. खारघरपासून ऐरोलीपर्यंत हल्ली तुरळक आढळणाऱ्या या गृहस्थांना मी सर्पोत्सुक म्हणतो. त्यांच्यापाशी साप नसतो; सापावाचून जे जे लागते ते सर्व असते.

सर्पोत्सुक आणि सर्पमित्र यांची गल्लत होऊ नये. सर्पमित्र हा महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांत सापडणारा, दुचाकीला कापडी पिशवी आणि लोखंडी आकडी बांधून रात्री-अपरात्री धावणारा, बहुधा तिशीच्या आतला इसम असून त्याला सर्पशास्त्राहून साप अधिक ठाऊक असतो. सर्पोत्सुकांचे नेमके उलट असते. वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी महाप्याच्या किंवा ऐरोलीच्या एखाद्या कंपनीत, गृहकर्जाचे निम्म्याहून अधिक हप्ते फेडलेले, आणि गॅलरीत पूर्वीच्या छंदांचे अवशेष: वाळलेले बोन्साय, हवा गेलेली गिअरची सायकल आणि मासे एकामागून एक निवर्तल्यामुळे रिकामी पडलेली तीनफुटी काचपेटी. साप पाळण्याची प्रेरणा त्यांना सापाकडून मिळालेली नसते, ती या पेटीकडून मिळालेली असते.

त्यांच्या कपाटात हाफकिन संस्थेच्या डॉ. पी. जे. देवरसांचे, नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढलेले भारतीय सर्पांवरील पुस्तक असते, आणि नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांच्या संगतीत काचेच्या खोलीत ७२ तास काढले ही हकीकत ते पाहुण्यांना अशा स्वरात ऐकवतात की, त्र्याहत्तरावा तास त्यांच्यासाठीच राखून ठेवला असावा अशी ऐकणाराची समजूत व्हावी. साप दूध पीत नाही, त्याला बाहेरचा कान नाही, तो पुंगीच्या सुरावर डोलत नसून तिच्या हालचालीवर नजर ठेवून असतो आणि डूख धरण्याइतकी त्याची स्मृती नाही, हे सर्व शंभर टक्के सत्य आहे. मात्र लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणाऱ्याला थांबवून ते सांगण्याची निकड फक्त सर्पोत्सुकांनाच भासते.

कोणता साप पाळावा हा प्रश्न त्यांना फार काळ छळत नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो बराचसा सोडवून ठेवला आहे. धामण असो, दिवड असो, की निरुपद्रवी म्हणून नावाजलेला कवड्या असो, देशी साप हौसेखातर घरी बाळगण्याची मुभा या कायद्यात नाही. आणि अजगरासारखा पहिल्या अनुसूचीतला जीव बाळगला तर तीन ते सात वर्षांची कैद व निदान पंचवीस हजार रुपयांचा दंड. बत्तीस शिराळ्याच्या पिढीजात नागपूजेतील जिवंत नागांना जेथे न्यायालयाने मनाई केली, तेथे सेक्टर वीसमधल्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेची काय प्राज्ञा! म्हणून सर्पोत्सुकांची दृष्टी सातासमुद्रापार, आफ्रिकेतल्या बॉल पायथनवर स्थिरावते. हा तीन ते पाच फुटांचा, बिनविषारी, निशाचर आणि कमालीचा भिडस्त जीव असून, कुणी हात लावताच डोके आत घेऊन स्वतःचे घट्ट वेटोळे करतो व महिनोन् महिने अन्नाला तोंड न लावताही सुखरूप राहू शकतो. आयुर्मान वीस ते तीस वर्षे. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयाला १९६१ साली एका खासगी मालकाने दिलेली मादी तर २०२० साली, म्हणजे वयाची साठी उलटल्यावर, सात अंडी घालती झाली. हे वाचल्यापासून सर्पोत्सुकांनी आपल्या मृत्युपत्राच्या मसुद्यात एक कलम वाढवले. चिरंजीवांनी ते कलम वाचून ‘‘बाबा, फ्लॅट ताईला दिलात तरी चालेल,’’ एवढाच अभिप्राय दिला.

मग पेटीचा विकास आराखडा सुरू होतो. पूर्वेस उष्ण सेक्टर, तापमान ३२ अंश. पश्चिमेस शीत सेक्टर, २६ अंश. दोन्हींत दडून बसण्यास एकेक अंधारी गुहा, मध्यभागी डुंबण्याजोगे पाण्याचे भांडे, झाकणास कुलूप, बुडाखाली तापणारी चटई, चटईवर नियंत्रण ठेवणारा थर्मोस्टॅट, थर्मोस्टॅटवर नजर ठेवणारे दोन तापमापक, आणि त्या दोहोंत अर्ध्या अंशाचा मतभेद झाल्यास निवाडा करण्यासाठी तिसरा. तळाशी अंथरावयाचा नारळाच्या सोडणांचा भुसा चकचकीत पाकिटातून घरपोच आला, तेव्हा सर्पोत्सुकांच्या मातोश्री, ज्यांनी संगमेश्वराकडच्या घरी उभा जन्म सोडणे न्हाणीच्या चुलीत घातली, पाकिटावरची किंमत वाचून काही वेळ देवघरात जाऊन बसल्या.

आर्द्रतेचे प्रकरण मात्र आराखड्याबाहेरचे निघाले. ग्रंथांत सापाला साठ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते असे असल्यामुळे सर्पोत्सुकांनी पाण्याची वाफ सोडणारे यंत्र विकत घेतले; पण मृग लागला, खाडीवरून वारा सुटला, भिंतींना घाम फुटला, पापड आपण होऊन मऊ पडले, आणि आर्द्रतामापकाचा काटा नव्वदीवर जाऊन तेथेच बिऱ्हाड करून राहिला. आता हवा कोरडी करणारे यंत्र घेणे प्राप्त झाले. सध्या दोन्ही यंत्रे समोरासमोर ठेवलेली असून एकाने ओतलेले दुसरे उपसते, आणि पेटीतील मान साठ टक्क्यांवर आहे याचा सर्पोत्सुकांना जो अभिमान वाटतो तो त्यांना स्वतःच्या रक्तदाबाविषयी कधी वाटलेला नाही.

घरातला विरोध तात्त्विक स्वरूपाचा नसतो. ‘‘अरे, साप निघतो. आणतात का कुठे साप?’’ हा मातोश्रींचा सवाल. जांभ्याच्या गडग्यातली फुरशी पाहत वाढलेल्या त्या बाईंना सापाचे भय नाही, त्याच्यासाठी पैसे मोजणाऱ्याचे आहे. सौभाग्यवतींचा आक्षेप याहून नेमका, फ्रीझरपुरता मर्यादित असतो. या सापाला आहार म्हणून उंदीर लागतो, तो गोठवून ठेवावा आणि कोमट पाण्यात नरम करून चिमट्याने पुढे धरावा, असे शास्त्र सांगते. आणि येथे तर एकादशीला साबुदाण्यातली मिरचीसुद्धा हिरवी की लाल यावर खल होणारे घर. ‘‘अहो, मटार, ओला नारळ आणि उंदीर एका कप्प्यात राहणार नाहीत,’’ असा निर्वाणीचा खलिता मिळाल्यावर सर्पोत्सुकांनी उंदरांसाठी स्वतंत्र छोटा फ्रीज घेतला. तोही रिकामा आहे. धान्याच्या गुदामांभोवती उंदरांचा सुकाळ असला तरी त्यांच्या अंगी जंतू असतात, म्हणून ते वर्ज्य. आणि खरे सांगावयाचे तर सापाला न भिणारे हे गृहस्थ मेलेल्या उंदराच्या नुसत्या कल्पनेने जेवणाच्या पानावरून उठतात. या एका बाबतीत मला त्यांच्याविषयी निखळ सहानुभूती आहे.

गृहनिर्माण संस्थेकडून ना-हरकत दाखला मागण्याची कायद्याने गरज नसताना त्यांनी तो मागितला, हे त्यांच्या स्वभावास धरूनच झाले. सभेत सचिवांनी विचारले, ‘‘भुंकतो का?’’ ‘‘नाही.’’ ‘‘लिफ्टमधून खाली न्यावा लागतो का?’’ ‘‘नाही.’’ ‘‘पाहुण्यांच्या अंगावर जातो?’’ ‘‘दिवसा बाहेरच येत नाही.’’ हरकत घेण्याजोगे काहीच हाती न लागल्यामुळे सभासदांचा संशय बळावला आणि विषय पुढील सभेकडे वर्ग करण्यात आला.

वास्तविक साप मिळणे अगदीच दुष्कर नाही. २०२३ च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटे व केकच्या पुड्यांतून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले. २०२५ च्या जूनमध्ये थायलंडहून आलेल्या दुसऱ्या एकापाशी तर चक्क ४७ विषारी साप सापडले. ज्यांच्याजवळ ना थर्मोस्टॅट, ना गुहा, ना मृत्युपत्र, त्यांच्यापाशी बिस्किटांच्या पुड्यात साप असावा आणि आपली पेटी ओस पडावी, हा दैवदुर्विलास सर्पोत्सुकांच्या जिव्हारी लागतो. तथापि चोरट्या मालाला ते शिवणार नाहीत, आणि येथे त्यांना मनापासून नमस्कार करावा लागतो. बॉल पायथन हा वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातला जीव. २०२२ ची कायदेदुरुस्ती आणि तिच्या अनुषंगाने २०२४ साली आलेले नियम यांनुसार तो ज्याच्या ताब्यात आहे त्याने ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर त्याची वर्दी देऊन नोंद करावयाची असते. एका विक्रेत्याशी त्यांचे जे बोलणे झाले ते त्यांनी स्वतःच मला ऐकवले. विक्रेता म्हणाला, ‘‘साहेब, आधी साप घ्या, कागद मागाहून बघू.’’ सर्पोत्सुक म्हणाले, ‘‘आधी कागद द्या, साप मागाहून बघू.’’ व्यवहार तेथेच संपला.

विलंबाचे त्यांना वैषम्य नाही. ज्या शहरात मेट्रोचे काम २०११ साली सुरू झाले आणि बेलापूर ते पेंधर पहिली गाडी १७ नोव्हेंबर २०२३ रोजी धावली, ज्या शहराने विमानतळाच्या भरवशावर एका पिढीला घरे विकली आणि त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पाहिले, तेथला नागरिक सापासाठी कासावीस होत नाही. दरम्यान दप्तर तयार आहे: भोजनाची तारीख, वजन, कात टाकल्याचा दिवस, विष्ठेचे स्वरूप, शेरा आणि तपासणाऱ्याची सही असे रकाने आखून, ‘निरंक’ भरून. साप हाताळण्याचा सरावही चालू आहे. आठवड्यातून दोनदा धुलाई यंत्राची नळी आकडीने उचलून, मध्यभागी आधार देऊन, हलक्या हाताने पेटीत सोडली जाते व पेटीला कुलूप लागते.

अशा सर्व सिद्धतेत गेल्या पावसाळ्यात, खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांची जी इमारत आहे तिच्या वाहनतळात, दुचाकींच्या रांगेमागे सहा फुटी धामण निघाली. बायका-पोरे जिन्यात जमली, ‘‘काकांना बोलवा, काकांना बोलवा’’ असा गलबला झाला, आणि सर्पोत्सुक कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे चढवून पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत उतरले. तेथून, कठड्याला धरून, त्यांनी जनावराचे लॅटिन नाव, सरासरी लांबी, आहार आणि ते बिनविषारी असल्याची ग्वाही दिली. ती ग्वाही जमावासाठी होती तितकीच स्वतःसाठीही असावी. धामण मात्र त्या व्याख्यानाच्या मध्येच वळली आणि जिन्याच्या दिशेने निघाली. धुलाई यंत्राची नळी आपण होऊन वळत नाही, ही सरावातली उणीव त्या क्षणी उघडकीस आली. सर्पोत्सुक दुसऱ्या मजल्यावर गेले. पहारेकरी, जो आपल्या गावी शेतावर असली जनावरे रोज पाहत होता, काठी आडवी धरून शांतपणे उभा राहिला. अर्ध्या तासात शेजारच्या गावठाणातला एक पोरगेलासा सर्पमित्र आला, ‘‘काका, जिन्यातला दिवा लावता का?’’ एवढेच म्हणाला, धामण पिशवीत घेतली, तोंड बांधले आणि वन विभागाला कळवण्यासाठी फोन काढला.

सर्पोत्सुकांनी त्याला आग्रहाने वर नेऊन चहा पाजला व पेटी दाखवली. त्याने काचेवर बोट टेकवून उष्ण सेक्टर पाहिला, शीत सेक्टर पाहिला, तिन्ही तापमापक पाहिले. ‘‘मस्त आहे,’’ तो म्हणाला. ‘‘मासे गेले वाटतं?’’ सर्पोत्सुकांनी सविस्तर खुलासा केला आणि विचारले, ‘‘इतके साप हाताळता, एखादा पाळावासा नाही वाटला?’’ ‘‘घरी?’’ पोराने कप खाली ठेवला. ‘‘घरी कशाला, काका?’’ आणि पिशवी उचलून तो निघून गेला. या उत्तरावर सर्पोत्सुकांची प्रतिक्रिया काय झाली हे कळावयास मार्ग नाही. त्या आठवड्यात त्यांनी चौथा तापमापक मागवला, एवढे मात्र मला ठाऊक आहे.

माझ्या मते सर्पोत्सुक हा या प्रदेशातला सर्वांत निरुपद्रवी सर्पपालक आहे: ज्या जिवाला आफ्रिकेतून उचलून, पुड्यात कोंबून, अर्धमेल्या स्थितीत येथे आणले जाण्याचा संभव होता, तो त्यांच्या कागदपत्रांच्या हट्टापायी निदान एका घरापुरता तरी आपल्या मुलखात राहिला आहे. तेव्हा अशा गृहस्थांची चेष्टा करताना हात जरा आखडता घ्यावा. मात्र वाचकहो, पावसाळ्यात तुमच्या जिन्याखाली साप निघालाच तर त्याला मारू नका, डिवचू नका, अंतर राखून त्याच्यावर नजर ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. सर्पोत्सुकांना दुसऱ्या दिवशी कळवले तरी चालेल. ते नोंद करून घेतील.