साठ हजारांची पुडी

दचकू नका. साठ हजार रुपये नव्हेत, युनिट. ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी रत्नागिरीत कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. आठवड्याला एक, दुधातून. डॉक्टरांनी कमतरता पाहून दिली असेल तर जरूर घ्या. पण ती अंडाशयाचा कर्करोगही बरा करते, असं कुणी सांगितलं तर?

तर ‘कुठे सिद्ध झालं?’ एवढंच विचारा.

सांगणारा अगदीच थापा मारत नसतो, हीच पंचाईत. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ईबी-१०८९ नावाचं, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या घडणीवर बेतलेलं रसायन अंडाशयाच्या गाठी रुजवलेल्या उंदरांना दिलं. गाठींची वाढ मंदावली. रक्तातलं कॅल्शियमही भडकलं नाही. काम मोलाचं आहे. पण बरे व्हायला निघाले ते उंदीर.

कॅल्शियमची एवढी धास्ती का? ‘ड’चं सक्रिय रूप म्हणजे कॅल्सिट्रिऑल. काचेच्या बशीत ते कर्कपेशींचं विभाजन रोखतं. तेवढा डोस माणसाला द्यायचा तर कॅल्शियम इतकं चढतं, की उलट्या, बद्धकोष्ठ, गोंधळलेलं डोकं आणि शेवटी मूत्रपिंडावर घाला. म्हणून गाठीवर चालेल आणि कॅल्शियमला हात लावणार नाही, असं भावंड शोधणं सुरू आहे. एक सापडलंही: सोरायसिसच्या मलमातलं कॅल्सिपोट्रिऑल.

पण अंडाशयाला मलम कसं लावणार?

ईबी-१०८९ स्वादुपिंडाच्या कर्करोगात माणसांनाही दिलं गेलं होतं. निकाल २००२ साली आला: गाठी हटल्या नाहीत. उंदरांची बातमी गावभर होते, हा निकाल कुणी पुढे पाठवत नाही.

शिवाय पुडीत यातलं काहीच नसतं. असतं साधं कोलेकॅल्सिफेरॉल. त्याला आधी यकृत हात लावतं, मग मूत्रपिंड, आणि सक्रिय रूप किती बनवायचं हे शरीर ठरवतं. तुम्ही चार पुड्या जास्त ओतल्यात म्हणून शरीर चौपट औषध बनवत नाही.

तरी मोठ्या प्रमाणावर पाहायला नको? पाहिलंय. ऑस्ट्रेलियात एकवीस हजारांवर लोकांत निम्म्यांना पाच वर्षं दरमहा हीच साठ हजार युनिट दिली. २०२२ मध्ये निकाल लागला: कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत.

मग कामाचं काय? पोटातल्या खुणांकडे लक्ष.

साडी नेसताना परकराची नाडी पुरत नाही. दोन घासांत पोट भरतं. लघवीला सारखं जावं लागतं, ओटीपोट दुखतं. घरात निदान ठरलेलं: ‘वात धरलाय, ओवा खा.’ मग ओवा, मग हिंग, मग अ‍ॅसिडिटीची गोळी, आणि आता वर ही पुडी. महिने असेच जातात. भारतीय स्त्रियांच्या कर्करोगांत स्तन आणि गर्भाशयमुखानंतर अंडाशयाचा क्रमांक लागतो, आणि बहुतेकींना तो कळतो पोटभर पसरल्यावर.

दरवर्षी सगळ्यांचीच तपासणी करून भागत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांच्या अभ्यासात निम्म्यांवर ते करून पाहिलं, जीव वाचल्याचं दिसलं नाही. म्हणूनच जिला त्रास आहे, तिची सोनोग्राफी लांबणं परवडत नाही. आपल्याच जिल्ह्यात डेरवणला वालावलकर रुग्णालयात कर्करोगाचे उपचार होतात, टाटा मेमोरियलशी त्यांचं जुनं नातं आहे. शस्त्रक्रिया आणि केमो हाच आजचा पाया आहे. तिथे रक्तात ‘ड’ कमी निघालं तर डॉक्टर भरून काढतीलच. ते हाडांसाठी, गाठीसाठी नव्हे.

मुंबईतल्या चाकरमान्यांनो, आईला पुड्यांचा डबा पाठवायच्या आधी फोन करा. पोट किती दिवस फुगतंय, विचारा.

ती म्हणेल, ‘माझी पिशवी काढलीय, मला कसला कॅन्सर?’

पिशवी म्हणजे गर्भाशय. ते काढताना अंडाशय पुष्कळदा ठेवतात, आणि कित्येकींना हे कुणी सांगितलेलंही नसतं. कपाटातलं जुनं डिस्चार्ज कार्ड शोधायला लावा. त्यावर लिहिलेलं असतं.