मृगाचं निमंत्रण

नवागामात आमच्या गल्लीतून जाताना पोट भरलेलं असेल, तर नानांचा ओटा टाळावा. ‘बठ ना भो, दोन घास खाई ले,’ म्हणत ते हाताला धरतात. मग शेवभाजी येते. तिसऱ्या भाकरीला नको म्हटलं, तर नाना ती आधीच मोडून ताटात टाकतात, कारण मोडलेली भाकरी कुणी परत करत नाही हे त्यांना ठाऊक आहे. एकदा विजेचा मीटर वाचायला आलेला मुलगा त्यांच्याकडे आमरस पिऊन ओट्यावरच आडवा झाला. त्या महिन्यात अख्ख्या गल्लीला सरासरीचं बिल आलं.

नाना मूळचे शिरपूर तालुक्यातले, अनेर धरणाच्या बाजूचे. सुरतेच्या या डिंडोली-नवागाम भागात आम्ही खानदेशी इतके, की भाजीवालीशी घासाघीस अहिराणीतच होते. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये नानांनी तेहतीस वर्षं कलर मास्तर म्हणून काढली. निवृत्त झाल्यापासून ते शेती करतात, म्हणजे गावी असलेल्या धाकट्या भावाला फोन करतात. अनेरचं पाणी तापीला मिळतं आणि तापी ते सुरतेला आणते; नानांच्या सूचना मात्र सुरतेहून उलट्या चढत गावाला जातात.

गेल्या हिवाळ्यात टेक्सासातल्या भाच्याने त्यांना एक व्हिडिओ दाखवला. तिकडचे लोक उन्हाळ्यात हरणांसाठी मुद्दाम शेत पेरतात. त्या दिवसांत नराची नवी शिंगं मखमली कातडीखाली वाढत असतात, त्यांना प्रथिनं लागतात, म्हणून चवळी, सोयाबीन आणि लॅबलॅब नावाचा एक वेल लावतात. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन डोळ्यांशी नेला.

‘अरे, ही तर पापडी!’

ती पापडीच होती. लॅबलॅब म्हणजे आपला वाल. त्याचीच सुरती पापडी उंधियूत पडते. सुरतेची भाजी अमेरिकेतली हरणं खातात आणि आपली हरणं उपाशी, हे नानांच्या यजमानधर्माला सोसेना. होळी झाली तशी त्यांनी बियाणं घेऊन गाडी धरली, नरडाण्याला उतरले आणि विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत पापडी न्‌ चवळी टोबून, ठिबक लावून परत आले.

गावाला वाटलं, नानांना सुरतेचं ऊन लागलं. गाव रात्र-रात्र जागून रोही आणि रानडुकरं हाकलतं. कुणी डबे बडवतं, कुणी फटाके फोडतं आणि बहुतेकजण शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यावर साडी फडफडली की जनावर बिचकतं. या साड्या गावाला कोण पुरवायचं? नानाच! मिलमधला डागी, फिक्या रंगाचा माल किलोवर घेऊन ते दर दिवाळीला गठ्ठा गावी न्यायचे. गावाभोवतीच्या त्या रंगीत कुंपणातल्या निम्म्या छटा नानांच्या हातच्या.

अडचण आली ती चैत्रात. भाच्याने कळवलं, ‘मामा, कोवळा वेल हरणं मुळापासून खातात. वाढेपर्यंत कुंपण ठेवायचं, मग उघडायचं.’ नानांनी भावाला फोन केला, ‘साड्या बांध.’ हरणांसाठी पेरलेलं हरणांपासून राखायचं, हे भावाने दोनदा विचारून पक्कं केलं आणि गुलाबी साड्या चारी बाजूंनी ताणून बांधल्या.

मधल्या काळात गल्लीत दुसरा विषय नव्हता. चितळ कसं असतं हे नाना मला मिलच्या भाषेत समजावत. ‘बदामी ग्राउंड, पांढरी बुट्टी. बॉर्डर नाही. आणि रंग पक्का. किती पावसाळे गेले तरी बुट्टी उतरत नाही. असा माल आम्हाला तेहतीस वर्षांत एकदा जमला नाही.’ मी म्हणालो, ‘नाना, रोही आली तर चालेल?’ ते म्हणाले, ‘रोही हरीण नव्हे. तिची शिंगं गळत नाहीत. पण दारी आली, तर पाव्हणीच.’

एका रात्री मात्र ते न जेवता ओट्यावर बसलेले दिसले. भाच्याने सहज सांगून टाकलं होतं, की हे सगळं पेरणारे बहुतेक शिकारी असतात. उन्हाळाभर खाऊ घालायचं, शिंगं मोजायची आणि थंडी पडू लागली की बंदूक काढायची. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद आहे, पण नानांना कायद्याचं काही वाटलं नव्हतं. त्यांच्या गळ्यात माळ आहे. ‘ताटावर बसवून मारायचं?’ एवढंच ते तीन-चारदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाच्याला फोनवर तासभर आतिथ्य शिकवलं.

आखाजीला नाना गावी गेले ते तिथेच राहिले. बारा दिवसांनी बुद्धपौर्णिमा होती. त्या रात्री वनखात्याचे लोक पाणवठ्यांवर मचाणात बसून जनावरं मोजतात. नाना आपल्या निंबाच्या झाडावर बसणार होते. अनेर धरणाभोवती १९८६पासून अभयारण्य आहे. तिथला वनरक्षक संध्याकाळी वाटेत थांबला. ‘नाना, त्यांचं त्यांना जंगलात आहे. शेताची चटक नका लावू,’ असं त्याने नीट सांगितलं. मग वही काढून म्हणाला, ‘पीक खाल्लं की पंचनामा मीच करतो. तुमचा कसा लिहू? खाल्लं नाही म्हणून नुकसानभरपाई?’

पौर्णिमेचं चांदणं कमरेएवढ्या वेलावर पडलं होतं. नाना थर्मास, टॉर्च आणि कळण्याची भाकरी घेऊन चढले. मध्यरात्री टेकडीकडून कसलीशी चाहूल आली, थांबली, वारा सुटला, गुलाबी साड्या फडफडल्या आणि चाहूल आल्या वाटेने गेली. तेव्हा कुठे नानांच्या लक्षात आलं, की भाच्याच्या निरोपाचा दुसरा अर्धा भाग, ‘मग उघडायचं’ हा, त्यांनी भावाला सांगितलाच नव्हता. खाली उतरून साड्या सोडाव्यात, तर गुडघे ऐकेनात. पहाटे त्यांचा डोळा लागला.

सकाळी भावाने खालून हाक मारली.

‘हरीण उनं का?’ नानांनी वरूनच विचारलं.

‘नही नाना. शेजारनी म्हैस उनी व्हती. बठ्ठं खाई गई.’

म्हैस साडीला बिचकत नाही. जन्मल्यापासून तिने साडी नेसलेल्या बाईच्याच हातचं खाल्लेलं असतं. नानांनी शेजाऱ्याशी भांडण केलं नाही. उलट जाताना त्याला विचारलं, ‘म्हशीने दूध किती दिलं?’ तो म्हणाला, लिटरभर जास्त. नाना खूश होऊन गाडीत बसले.

जूनमध्ये पहिला पाऊस आला, तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर अडकलो होतो. पुढ्यात तिसरी भाकरी मोडलेली. नाना मांडीवर पंचांग उघडून बोट फिरवत होते. एकदम हसले आणि पान माझ्याकडे वळवलं. मृग नक्षत्र लागलं होतं. त्यापुढे वाहन छापलेलं होतं: म्हैस.

‘पाहा,’ नाना म्हणाले, ‘निरोप पोचला होता.’ आणि चौथी मोडली.