घाण्याच्या तेलावर जीप

ताम्हिणी घाट उतरताना जीपने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. डिझेलचा काटा केव्हाच आडवा झाला होता. बायको काही बोलली नाही. मागच्या पंपावर बोलून झालं होतं.

अशा वेळी मी ज्ञान पाजळतो. मावशीला म्हटलं, डिझेल हे मुळात माणसाचं नाव. रुडॉल्फ डिझेल, जन्म पॅरिसचा, १८५८ सालचा. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगीसाठी प्लग लागतो, याने ती भानगडच ठेवली नाही. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते, मग आत तेलाचा फवारा सोडला की भडका. १८९३ साली चाचणीत स्फोट होऊन हा स्वतःच जाता जाता वाचला, पण १८९७ साली ऑग्सबर्गला त्याने इंजिन चालवून दाखवलंच.

"आणि पेट्रोल कोण, त्याचा भाऊ?" मावशीने विचारलं.

मी तिकडे काणाडोळा केला, कारण मला पुढचं आठवलं होतं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगतेलावर चाललं होतं, आणि बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते कळलं होतं. मागच्या सीटखाली मावशीचा घाण्यावरून आणलेला पाच लिटरचा डबा होता.

"अरे, दिवाळीचं तेल आहे ते!"

तोवर निम्मा डबा टाकीत गेला होता. मी स्टार्टर मारत राहिलो, बॅटरी बसेपर्यंत. १९१३ साली डिझेलसाहेब इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीत नाहीसे झाले, हेही सांगायचं होतं. पण मावशीची नजर पाहून दरीकडे पाठ करून उभा राहिलो.

तासाभराने माणगावहून मेकॅनिक आला. बॉनेट उघडून म्हणाला, "एअर घेतलाय गाडीने." टाकी कोरडी पडली की तेलाच्या नळीत हवा शिरते, मग वरून काहीही ओता, पंप नुसती हवाच दाबत बसतो. हवा दाबणाऱ्या माणसाचं चरित्र मला पाठ, आणि अडलो होतो हवेपाशीच.

त्याने कॅनमधलं डिझेल ओतलं, फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारत बसला. फसफसून फेस आला. फेस जाऊन नुसती धार लागली तसा स्क्रू आवळला. बायको, मावशी आणि मी, तिघांनी धक्का दिला. जीप खोकली, धडधडली, आणि सायलेन्सरमधून कांदाभजीच्या गाडीसारखा खमंग धूर निघाला.

मेकॅनिकने दोनदा नाक ओढलं. "साहेब, टाकीत काय टाकलंय?"

"सांग की त्याला," मावशी पदराला हात पुसत म्हणाली, "पॅरिसपासून सुरू कर."