कोणालाच न ओळखणारा पहारेकरी

ॲक्सेस कंट्रोल सर्व्हर म्हटलं की कोणीतरी भारी रुबाबदार असामी डोळ्यांपुढे येते. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला वाटेला लावायचं, सगळं त्याच्या हाती. प्रत्यक्षात हा गृहस्थ कोणालाच ओळखत नाही. सिस्कोचा एसीएस वर्षानुवर्षं हे काम करायचा. स्वतःची यादी ठेवायची सोय त्याच्यात होती, पण हजारो कर्मचाऱ्यांची नावं त्यात पुन्हा भरणार कोण? ती आधीच कंपनीच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नाहीतर कुठल्यातरी एलडॅप सर्व्हरवर असायची. मग यालाच तिकडे जोडून द्यायचं. सोसायटीचा वॉचमन इंटरकॉमवर "चारशे दोन, पाहुणे आलेत, सोडू का?" म्हणतो, तशातलाच प्रकार.

पण एलडॅपही कोणाच्या प्रश्नाला सहजासहजी उत्तर देत नाही. बहुतेक ठिकाणी विचारणाऱ्याला आधी स्वतःचं नाव आणि पासवर्ड सांगावा लागतो. म्हणजे पहारेकऱ्याचीच झडती! त्यासाठी त्याच्या नावे एक खातं काढतात. आता ऑफिसचा नियम असला, की दर 90 दिवसांनी पासवर्ड बदला, आणि त्यातून हे खातं वगळायचं राहून गेलं, तर एखाद्या सोमवारी सकाळी साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे बाहेर. सगळ्यांचे पासवर्ड बरोबर. मुदत संपलीय ती विचारणाऱ्याच्याच पासवर्डची. पण लोकांना स्क्रीनवर नुसता नकार दिसतो. मग जो तो आपलाच पासवर्ड पुन्हा टाकतो, दर वेळी आधीपेक्षा जोरात.

कधीकधी तर कोणाचीच चूक नसते. चॅप नावाची पद्धत पासवर्ड तारेवरून जाऊच देत नाही. मात्र पडताळणाऱ्याकडे तो मूळ रूपात असावा लागतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरी एरवी मूळ पासवर्ड ठेवतच नाही, उलट फिरवता येणार नाही असं त्याचं रूपांतर ठेवते. दोघंही सावध, दोघंही सज्जन, आणि काम ठप्प. पासवर्ड सरळ हवाली करणारी, ढिली म्हणून बदनाम असलेली जुनी पॅप पद्धत मात्र इथे बिनबोभाट चालते. आमच्या कित्येक कमिट्यांचा अनुभव याहून वेगळा नाही.

आणि घड्याळ! ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ओळख पटवणाऱ्या केर्बेरॉस पद्धतीला दोन यंत्रांच्या वेळेत, मुद्दाम सैल केलं नसेल तर, पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" हे टॉवेल शोधता शोधता सांगणाऱ्या माणसांच्या ऑफिसात ही अट लागू आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. म्हणून जाणता इंजिनिअर जोडणी बिघडली की पासवर्डाआधी घड्याळ बघतो.

2017 मध्ये सिस्कोनं एसीएसची विक्री थांबवली. त्याच्या गादीवर बसलेला आयएसई दिसायला चकाचक आहे, अंगात कामंही पुष्कळ आहेत. लोकांच्या याद्यांसाठी तोही खुशाल दुसऱ्यांची दारं ठोठावतो. बसवायला घेतलात की सुरुवातीच्या प्रश्नांतच वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता मागतो. साहेब अजून रुजूही झालेले नसतात, आणि किती वाजले याची चौकशी सुरू.