दोन सीटांचा संसार

बाणेर-बालेवाडीच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत जा, बेसमेंटच्या एका खांबाआड एक गाडी दोन-दोन कव्हरं पांघरून झोपलेली असते. मालक सव्वीस-सत्तावीस वर्षांचे, हिंजवडीत नोकरीला, वरच्या मजल्यावर आईवडिलांकडे मुक्कामाला. यांना आपण चिरंजीव म्हणू. गाडी जर्मन, लाल, दोन सीटांची, छप्पर बटनावर उघडणारी आणि नऊ वर्षांची.

‘क्रेटाच्या पैशात आली’ हे चिरंजीवांचं पहिलं वाक्य, कुणी विचारो न विचारो. आणि ते खोटंही नसतं. ही गाडी नवी होती तेव्हा तिच्या किमतीत टू बीएचके आला असता. पण दिल्लीत पेट्रोल गाडीवर पंधरा वर्षांची टांगती तलवार असल्याने तिथले हौशी मालक नवव्या-दहाव्या वर्षीच पडेल भावात मोकळे होतात. ते मोकळे झाले की पुण्यातले चिरंजीव अडकतात. मग दिल्लीची एनओसी, इथल्या आरटीओतले फॉर्म २९ आणि ३०, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, ट्रेलरचं भाडं आणि एजंटने ‘वरचे’ म्हणून सांगितलेले, ज्यांना खालीवर काहीच नसतं.

तीर्थरूप बँकेतून निवृत्त झालेले. गाडी दारात आली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. ‘हेडलाइट फुटला तर कितीला पडेल?’ चिरंजीवांनी त्या वेळी हसून ‘पप्पा, तुम्ही पण ना!’ म्हटलं. आज मध्यरात्री उठवून विचारलं तरी ते आकडा सांगतील, डावा वेगळा, उजवा वेगळा. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. गाडी अठरा लाखांना मिळाली म्हणून तिला अठरा लाखांच्या गाडीचा हेडलाइट बसत नाही. तिला सत्तर लाखांच्या गाडीचाच लागतो, आणि तोही जर्मनीहून निघून न्हावा-शेवामार्गे यायचा असतो.

खरी मजा विम्याच्या नूतनीकरणाला. विमेवाले काका रेक्झिनची बॅग घेऊन रविवारी सकाळी येतात. पहिल्या वर्षी चिरंजीव जरा तयारीतच बसले होते, कारण इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मावसभावाने त्यांना घाबरवून ठेवलं होतं. तिकडे गाड्यांचे १ ते ५० असे विम्याचे गट, वेगवान गाडी वरच्या गटात, आणि चालवणारा पंचविशीच्या आतला असला तर हप्ता गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. शिवाय गाडीत काळी डबी बसवतात. तुम्ही ब्रेक कचकन दाबला, रात्री दोनला बाहेर पडलात, की ती कंपनीला चहाडी करते. चिरंजीवांनी घसा खाकरून सांगितलं, ‘काका, माझं वय सव्वीस.’

‘तुमचं कोण विचारतंय? गाडीचं सांगा.’

आपल्याकडे हप्ता ठरतो तो मुख्यतः गाडीच्या तोंडाकडे बघून: इंजिन किती सीसीचं, वय किती, आयडीव्ही (विम्यापुरती धरलेली गाडीची किंमत) किती, नोंदणी कुठली. पुणे मुंबईबरोबर ए झोनमध्ये बसतं, त्याचा एरवी पुणेकरांना अभिमान वाटला असता. थर्ड पार्टीचा दर तर सरकारच ठरवून देतं. १ जून २०२२पासून पंधराशे सीसीच्या वरच्या खासगी गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये. तुमची असो की पाचव्या मजल्यावरच्यांची इनोव्हा. म्हणजे समोरच्याला धडक देण्याच्या बाबतीत सरकारने दोघांना एकाच रांगेत बसवलं आहे. सबंध व्यवहारात चिरंजीवांना स्वस्त पडलेली ही एकमेव गोष्ट, आणि नेमका त्यातच त्यांना अपमान वाटला.

बाकी सगळं महाग. पाच वर्षांपर्यंत आयडीव्हीचा तक्ता ठरलेला असतो. त्यापुढे कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचं. ही घासाघीस मंडईतल्यासारखीच, फक्त गिऱ्हाइकाला आपण भाव पाडतोय की चढवतोय हेच कळत नाही. चिरंजीव आधी म्हणतात, ‘बारा लाख धरा, हप्ता कमी बसेल.’ मग चोरीची शंका येते. ‘सोळा धरा.’ मग हप्ता ऐकतात. ‘चौदा?’ काका चहा संपवतात. त्यांना घाई नसते.

‘बंपर टू बंपर टाका,’ चिरंजीव म्हणतात.

‘ते झिरो डेप पाच वर्षं, फार तर सात. तुमची नऊ.’

इथे चिरंजीवांनी आयुष्यात पहिल्यांदा पॉलिसी वाचायला घेतली. ज्या मुलाने कॉलेजात चार वर्षांत एक पाठ्यपुस्तक सलग वाचलं नाही, तो रात्री दोनपर्यंत बारीक टाइपातलं इंग्रजी वाचत बसला. त्यातून कळलं ते असं. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मे पैसे आपले. पत्रा पाच वर्षांच्या पुढचा असेल तर त्याचे चाळीस टक्के आपले. काच मात्र पूर्ण कंपनीची. त्या दिवसापासून चिरंजीव मनोमन प्रार्थना करतात की जे काही व्हायचं ते काचेला होऊ दे.

टायरचं कलम तर वाङ्मय म्हणूनच वाचण्यासारखं आहे. खड्ड्यात टायर एकटा फुटला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालेलं असेल, तरच टायरचे निम्मे मिळतात. या गाडीचा मागचा एक टायर पंचवीस-तीस हजारांचा, आणि स्टेपनी नावाचा प्रकार नाही, कारण कंपनीने रनफ्लॅट दिले आहेत. तेव्हा फुटायचंच असेल तर टायरने थोडी वाट बघून, गाडी कुठेतरी आपटेपर्यंत दम धरून फुटावं, अशी चिरंजीवांची त्याच्याकडून अपेक्षा असते.

आणि नो क्लेम बोनस! दिल्लीवाल्याचा पन्नास टक्के होता. चिरंजीवांना वाटलं, गाडीबरोबर आला. तो मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. इकडे तीर्थरूपांच्या वॅगन-आरवर मात्र तोच पन्नास टक्के कित्येक वर्षं मुक्कामाला आहे. जेवताना आमटी वाढून घेता घेता ते सहज म्हणतात, ‘आमचं यंदा रिन्यू झालं. पन्नास टक्के.’ चिरंजीव मान खाली घालून भात कालवतात. पुढे पार्किंगमध्ये कुणाच्या तरी ॲक्टिव्हाने दाराला ओरखडा काढला, तेव्हा दुरुस्तीचे अठरा हजार त्यांनी मुकाट्याने खिशातून भरले. क्लेम केला असता तर रडतखडत मिळालेला वीस टक्के बोनस शून्यावर गेला असता. विमा असून विम्याला हात लावायचा नाही, याला घरी तीर्थरूप ‘शहाणपण’ म्हणतात. एके दिवशी चिरंजीवही तसंच म्हणाले आणि स्वतःच दचकले.

गाडी चालवतात केव्हा, हा प्रश्न सोसायटीलाही पडलेला आहे. ऑफिसला जायला कंपनीची बस. भाजी आणायला आईची स्कूटर. जून ते ऑक्टोबर गाडी बाहेर निघत नाही, कारण भुयारी मार्गात पाणी साचतं आणि पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा स्टार्टर मारून बिघडवलं तर साधी पॉलिसी हात वर करते. त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. ते घेतलंय, पण पावती असली म्हणून पाण्यात उडी कोण मारतो? एप्रिल-मेमध्ये छप्पर उघडलं तर टाळू भाजते. राहता राहिली डिसेंबर-जानेवारीतली पहाट. तेव्हा मात्र चिरंजीव छप्पर उघडून, आईने बळेबळे चढवलेली कानटोपी घालून, लोणावळ्याकडे निघतात. जर्मन अभियंत्यांनी हे दृश्य डोळ्यांपुढे आणलं नसावं.

निघतात म्हणजे, आधी बेसमेंटचा चढ. तो सरळ चढला तर पुढचा ओठ घासतो. म्हणून तिरकं यायचं, शेजारी बसलेल्या मित्राने उतरायचं, वॉचमनने खाली वाकून बॅटरी मारायची आणि ‘येऊ द्या, येऊ द्या... थांबा!’ म्हणायचं. मग गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, पंचवीसच्या वेगाने गाडी अलगद जावी. चिरंजीवांच्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम बारा सेंटिमीटर. हिशेबाने दोन सेंटिमीटर शिल्लक राहतात. पण आपल्या नगरसेवकांच्या मनातला गतिरोधक काँग्रेसच्या कुठल्याच नियमात बसत नाही. परिणामी बालेवाडी ते देहूरोडपर्यंतचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खड्डा, ड्रेनेजचं वर आलेलं प्रत्येक झाकण चिरंजीवांना तोंडपाठ आहे. महापालिकेने सर्वेक्षणावर पैसे खर्च न करता यांनाच बोलवावं.

एक्सप्रेसवेवर एकदा मोकळा रस्ता मिळतो. स्पीडोमीटरवर २६०पर्यंत आकडे, रस्त्यावर मर्यादा १००, घाटात ६०, आणि वर कॅमेरे. चिरंजीव क्रूझ कंट्रोल ९६वर लावतात. बाजूने एखादी स्विफ्ट जोरात निघून जाते, खिडकीतून दोन पोरं अर्धी बाहेर येऊन ओरडतात, ‘भावा, ओढ की!’ भाऊ ओढत नाहीत. भाऊ टायरमधली हवा बघत असतात.

वर्षाचं रनिंग हजार-बाराशे किलोमीटर. ‘जेवढी चालवाल तेवढाच हप्ता’ असा एक प्रकार विमा प्राधिकरणाने २०२२पासून चालू करू दिला आहे. तो काकांनी सुचवला तेव्हा चिरंजीव खुलले. सबंध विमाशास्त्रात त्यांना मिळू शकणारी ही एकच भरघोस सूट होती, आणि ती गाडी न चालवण्याबद्दल होती.

तीर्थरूपांच्या भात्यात एक बाण कायम असतो. ‘सचिनलासुद्धा फेरारी झेपली नाही.’ ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून सचिनला ३६० मोडेना भेट मिळाली, १.१३ कोटींची ड्युटी माफ झाली, त्यावर गदारोळ उठला, शेवटी ती रक्कम फियाटने भरली, आणि २०११मध्ये गाडी सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. चिरंजीव म्हणतात, ‘त्याची ड्युटी तरी दुसऱ्याने भरली.’ या एका वाक्यावर बापलेक बरेच दिवसांनी एकत्र हसले होते.

नातेवाइकांचं वेगळंच. मावशीला पहिल्या दिवशी पडलेला प्रश्न, ‘मागे कोण बसतं?’ काकांचा प्रश्न, ‘डिकीत काय मावतं?’ (छप्पर.) आत्याच्या दिराच्या मुलाच्या वरातीला गाडी मागितली गेली, वर पंधरा हजार देऊ केले. पैसे दिसल्यावर चिरंजीवांचे डोळे चमकले, पण लगेच पॉलिसी आठवली. खासगी गाडी भाड्याने दिली आणि काही झालं तर क्लेम गेला. फुकट द्यावी तर लोक बॉनेटवर सेलोटेपने गुलाब चिकटवतात. त्यांनी ‘सर्व्हिसिंगला टाकलीय’ असं सांगितलं. दसऱ्याला आईने सिरॅमिक कोटिंगवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तेव्हा मात्र कुणाला काही सांगता आलं नाही.

दोन वर्षांनी, दोन टायर आणि एक गिअरबॉक्स ऑइल बदलून झाल्यावर, गाडी विकायला काढली. सांगलीहून एक बावीस वर्षांचा मुलगा वडिलांना घेऊन बघायला आला. मुलाने कव्हर काढलं, आत बसला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून हरवून गेला. चिरंजीव त्याच्या शेजारी बसतील असं वाटलं होतं. ते वडिलांना घेऊन खांबापाशी गेले, खुर्ची मागवली, फाइल उघडली. ‘हे बघा, नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत विमा ट्रान्सफर करा, नाहीतर क्लेमला अडचण. माझा नो क्लेम बोनस तुम्हाला येणार नाही. आयडीव्ही चौदा धरा, फार घासू नका.’ वडील मान डोलावत होते. शेवटी चिरंजीव आवाज खाली आणून म्हणाले, ‘खरं सांगू का? पोराला अजून समज नाही. आधी एखादी वॅगन-आर घेऊन द्या, बोनस जमू दे.’

तेवढ्यात मुलाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

‘काका, एकदा स्टार्ट मारून बघू का?’

तीर्थरूप तिथेच उभे होते. ‘मला नाही,’ ते चिरंजीवांना म्हणाले, ‘तुला विचारतोय तो.’