बत्तीस स्प्रिंगांचा धनी

गाडीवर केलेला खर्च लोकांना दिसला पाहिजे, निदान ऐकू तरी गेला पाहिजे, हा हौशी माणसाचा पहिला नियम. अलॉय व्हील दिसतात. सायलेन्सर तर दोन गल्ल्या पलीकडच्या आजोबांची दुपारची झोपही मोडतो. मी पैसे घातले ते व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांत. त्या कव्हरखाली, तेलात, अंधारात राहतात. त्या मिरवायच्या तर एकच साधन उरतं, ते म्हणजे तोंड.

त्या बाबतीत मी कधीच कमी पडलेलो नाही. "सध्या डबल स्प्रिंगचं बघतोय," हे वाक्य मी दूधवाल्यालाही ऐकवलं. तो "बरं" म्हणाला आणि पिशवी ठेवून गेला. माझ्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकला सोळा व्हॉल्व्ह, म्हणजे सोळा स्प्रिंगा. मी मागवलेल्या संचात प्रत्येक स्प्रिंगच्या पोटात आणखी एक. एकूण बत्तीस! शेजाऱ्याकडे तेवढी भांडीही नसतील.

स्प्रिंगचं काम तसं अगदी बिनबोभाट. कॅम व्हॉल्व्ह उघडतो, स्प्रिंग तो मिटते. इंजिन सात हजार आरपीएमवर असताना हे सेकंदाला अठ्ठावन्न वेळा होतं. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो, अधांतरी तरंगतो. तेवढ्यात खालून पिस्टन येतो आणि त्या भेटीचं बिल मालकाच्या नावे फाटतं. शिवाय ठराविक वेगाला स्प्रिंगची वेटोळी स्वतःच थरथरायला लागतात. म्हणून आत वेगळ्या कंपनाची दुसरी स्प्रिंग घालतात, तीही उलट्या पिळाची, म्हणजे दोघींची वेटोळी एकमेकींत अडकत नाहीत. काही जण वर निमुळती होत जाणारी एकच हलकी स्प्रिंग वापरतात.

आता डेस्मोचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तो कुणीच काढलेला नाही, पण माझ्याकडे तो निघतोच. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोण बसलंय हे न पाहता मी सुरू होतो : काही इंजिनिअरांनी स्प्रिंगवरचा विश्वासच काढून घेतला होता. व्हॉल्व्ह उघडायला जसा कॅम, तसा मिटायलाही कॅमच! मर्सिडीझच्या डब्ल्यू १९६ या शर्यतीच्या गाडीत ही डेस्मो रचना होती आणि शर्यतपटू फँजिओने १९५५ चं जगज्जेतेपद त्याच गाडीवर मिळवलं. इकडे डुकाटीत फाबिओ तालिओनी यांनी तीच कल्पना १२५ सीसीच्या मोटरसायकलीत बसवली. १९५६ साली स्वीडनमध्ये ती पहिल्याच शर्यतीत जिंकली. डुकाटी पुढे अनेक वर्षं या रचनेला चिकटून राहिली. इथवर समोरच्याचा मठ्ठा संपलेला असतो. पण खरी गंमत पुढेच आहे. स्प्रिंगला हद्दपार करणाऱ्या डुकाटीच्या डेस्मो इंजिनातही, व्हॉल्व्ह नीट टेकून बसावा म्हणून, एक बारीकशी मदतनीस स्प्रिंग असते! रेनॉने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात स्प्रिंगऐवजी दाबाखालचा वायू भरला, तेही सांगायचं असतं. पण तोवर शेजारचा हात धुवायला उठलेला असतो. एकदा तर जिलबी वाढणाराच थांबून ऐकत राहिला. मागची सगळी पंगत ओरडत होती. आयुष्यात भेटलेला तो माझा एकमेव श्रोता.

गॅरेजमधले मेस्त्री मात्र श्रोत्यांतले नाहीत. व्हॉल्व्ह सील बदलायला हेड उतरवलेलंच होतं. त्यांनी माझा खोका उलटसुलट करून पाहिला.

"साहेब, कॅम कुठला टाकताय?"

"कॅम कंपनीचाच."

"मग कडक स्प्रिंग कुणासाठी? ताकद स्प्रिंग देत नाही. ती फक्त वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह सांभाळते. उगाच कडक घातली तर कॅम झिजेल."

मी वरच्या आरपीएमबद्दल काही बोललो नाही. सिंहगड रोडला माझा काटा तीन हजाराला शिवला तर मला ती प्रगती वाटते.

"बरं, बसवलेल्या उंचीला हिचा दाब किती किलो?"

खोक्यावर ज्वाळा होत्या, कवटी होती, विजेचा लोळ होता. आकडा नव्हता. मेस्त्रींनी एकेक स्प्रिंग टेस्टरवर दाबली. बहुतेक जवळपास जुळल्या, दोन चांगल्याच ढिल्या निघाल्या. मग त्यांनी हेडमधून काढलेल्या जुन्या स्प्रिंगा तपासल्या. इनटेकच्या इनटेकशी आणि एक्झॉस्टच्या एक्झॉस्टशी अजून जुळत होत्या.

खरा संताप मला इथे येतो. बाहेरची म्हणून स्प्रिंग वाईट असते असं नाही. मोठा कॅम टाकायचा तर त्याला साजेशी स्प्रिंग घ्यावीच लागते, आणि चांगली स्प्रिंग दाब, उंची, वेटोळी एकमेकांना टेकण्याची मर्यादा, असे सगळे आकडे घेऊन येते. उलट कंपनीचीही तुटू शकते. २०१८ मध्ये सुबारूने आणि टोयोटाने व्हॉल्व्ह स्प्रिंगांसाठीच गाड्या परत बोलावल्या. धातूतली सूक्ष्म अशुद्धी आणि अंदाजापेक्षा जास्त ताण, एवढंच कारण होतं. पण निदान त्यांनी बोलावल्या तरी. आमच्याकडे पहिल्या पगारातून हप्ते भरून गाडी सजवणाऱ्या पोराची स्प्रिंग तुटते, व्हॉल्व्ह पिस्टनवर पडतो, तेव्हा विकणारा म्हणतो फिटिंग चुकलं, फिटिंगवाला म्हणतो माल खराब. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : फक्त शर्यतीसाठी, वॉरंटी नाही. त्या पोराला कुणीही टेस्टरपाशी नेलेलं नसतं. ते बारीक अक्षरातलं वाक्य कवटीखाली ठळक छापायला किती शाई लागते?

मेस्त्रींनी जुन्या सोळा पुसून परत बसवल्या. एवढा खर्च करून काहीच दिसणार नाही, ही माझी व्यथा त्यांच्या लक्षात आली असावी. त्यांनी व्हॉल्व्ह कव्हर लाल रंगवून दिलं. आता मी पेट्रोल पंपावरही बॉनेट उघडतो. लोक विचारतात, "काय केलंय?" मी गंभीर चेहऱ्याने सांगतो, "स्प्रिंगांचं काम केलंय." आणि कुणी घाईत नसेल, तर डेस्मोचा विषय निघतोच.